पायथ्याशी बसणारी बाई

३ तारीख, सोमवार

बबडे,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण बावीस वर्षांनी पत्र लिहायला बसल्यावर दुसरं नाव हाताशी येईना. तू तर मला काहीच म्हटलं नाहीस. ना ताई, ना बाई. ‘माझ्या ॲडमिशनच्या वेळच्या नर्सिंग नोटची प्रत हवी आहे. चोवीस तारखेच्या आत.’ झालं! वीज कंपनीसुद्धा याहून मायेने लिहिते गं.

सोबत तुझ्या वकीलबाईंचं पत्र होतं म्हणून निदान कारण तरी कळलं. सहा वर्षांची एक मुलगी दोन वर्षं तुझ्याकडे राहते आहे, तू तिला कायमची आपली करायला निघाली आहेस आणि चोवीसला समितीपुढे त्याचा निकाल आहे. कुणीतरी तुझं जुनं दुखणं उकरून काढलंय. जी बाई एके काळी सख्ख्या बहिणीला तोतया समजत होती, तिच्या हवाली पोर कशी करायची, असं समितीला वाटतं. त्यांनी नाही म्हटलं तर मुलगी त्याच आठवड्यात तुझ्या घरून हलवणार. वाचून मला वाईट वाटलं. तुला खरं वाटणार नाही, पण वाटलं.

मात्र ते कागद मिळणं कठीण आहे. आमची रेकॉर्ड रूम तळघरात, तिथे बारा महिने ओल. अर्धे गठ्ठे वाळवीने खाल्ले. बघते मी, पण आशा धरू नकोस. त्यापेक्षा मी माझ्या सहीने दाखला देते की तू आता पूर्ण बरी आहेस. चोवीस वर्षं नोकरी झाली माझी. बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज आहे, शब्दाला वजन आहे. डॉक्टर येतात, पेशंटला सात मिनिटं बघतात आणि जातात. उरलेले तेवीस तास त्रेपन्न मिनिटं आम्ही बघतो. निदानाखाली सही त्यांची असली तरी ते उभं असतं आमच्या नोंदींवर. नवीन पोरींना मी पहिल्याच दिवशी दम भरते: तीन रकाने. पहिल्यात पेशंट काय म्हणाली, तिच्याच शब्दांत. दुसऱ्यात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं. तिसऱ्यात तुम्हाला काय वाटलं. तिसरा रकाना आधी भरलात तर गाठ माझ्याशी आहे. मागून मला ‘रकानेबाई’ म्हणतात मेल्या. म्हणू देत.

बाकी वॉर्ड शांत आहे. सहा नंबरच्या खाटेवर एक टायपिस्टबाई आहेत, पस्तीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केलेल्या. नवरा गेल्यावर जेवणखाण, झोप सगळं सोडून बसल्या होत्या. आता चांगल्या सुधारल्या आहेत, इतक्या की माझ्याच नोंदींतल्या चुका काढतात. या आठवड्यात घरी जातील.

दाखल्याचं काय ते कळव.

ताई

८ तारीख, शनिवार

बबडे,

तुझं उत्तर मिळालं. दोन वाक्यं. ‘बरी झाल्याचा दाखला नको. मी आजारी नव्हतेच.’

हे बघ, रागावू नकोस, पण माझ्या वॉर्डात बत्तीस खाटा आहेत आणि हे वाक्य मी रोज तीस जणींकडून ऐकते. ‘मी आजारी नाही’ हे आजाराचंच लक्षण म्हणून लिहायला आम्हाला शिकवतात. मग जिला खरोखर काही झालेलं नाही तिने म्हणायचं तरी काय, हे मात्र कुणी शिकवलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुझ्या चिठ्ठीने पडला, आणि त्याचा मला इतका राग आला की हातातला चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

चिडचिडीला आणखी एक कारण आहे. टायपिस्टबाईंची घरी जायची तारीख रद्द झाली. गुरुवारी सकाळी मी औषधं द्यायला गेले, तर म्हणाल्या, “सिस्टर, दुपारी माझ्या पायथ्याशी कोण येऊन बसतं?”

“कोणी नाही. दीड ते तीन विश्रांतीची वेळ. पडदे ओढलेले असतात.”

“पडदे ओढल्यावरच येते. एक बाई. माझं मनगट धरते आणि पुटपुटत काहीतरी मोजते.”

“ओळखीची आहे का?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. साक्षीदाराला उलटतपासणीत बघतात ना, तसं. “तुमच्यासारखी दिसते,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही नाही.”

मी लिहिलं. पहिल्या रकान्यात त्यांचे शब्द. दुसऱ्यात: पेशंट शांत, वेळकाळाचं भान ठीक, बोलणं सुसंगत. तिसऱ्यात: नसलेली व्यक्ती दिसण्याचे भास, ओळखीच्या माणसाच्या जागी तोतया आल्याचा भ्रम. हात अडखळला नाही, कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा लिहिलं होतं. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली, डोस दुप्पट केला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्यांना मागच्या इमारतीत हलवायचं म्हणतात. मागच्या इमारतीत बायका वर्षानुवर्षं राहतात. घरची माणसं आधी दर रविवारी येतात, मग महिन्याने, मग येतच नाहीत.

तूही असंच म्हणाली होतीस. ‘ताईसारखी दिसते, पण ताई नाही.’ यात नवल काही नाही. या आजारात लोक असं बोलतात, पुस्तकात दिलेलं आहे. मी काल कपाटातून पुस्तक काढून सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. मनगट धरल्याचं त्यात कुठेच नाही.

ताई

११ तारीख, मंगळवार

बबडे,

आज तुझं पत्र आलेलं नाही, तरी लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?

टायपिस्टबाईंनी शनिवारी सकाळी माझ्याकडून कागद मागून घेतला. दुप्पट डोसने त्यांची जीभ जड झालीय, हात कापतात, पण अक्षर बघ म्हणावं! आज सकाळी त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. जसाच्या तसा उतरवते:

‘शनिवार. दोन वाजून दहा. आली. डावं मनगट धरलं. बोटं नाडीवर नव्हती. नजर माझ्या छातीवर. मोजून गेली. अठरा. रविवार. आली नाही. सोमवार. दोन वाजून दहा. आली. सोळा.’

तुला एक गोष्ट सांगते, आमच्या धंद्यातली लबाडी आहे. माणसाला सांगितलं की तुझे श्वास मोजते, की त्याचा श्वास लगेच बदलतो. म्हणून आम्ही सांगत नाही. मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळे छातीवर ठेवून श्वास मोजायचे. पेशंटला पत्ता लागत नाही. हे कोर्टातल्या टायपिस्टला माहीत असायचं कारण नाही. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीलाही माहीत असायचं कारण नव्हतं. तूही म्हणाली होतीस की ती मनगट धरते पण नाडी बघत नाही. मी तेव्हा ते लिहूनही घेतलं होतं, आणि पुढे गेले.

मग मी सहा नंबरच्या खाटेला लटकवलेला तक्ता काढला. ताप, नाडी, श्वास आम्ही सकाळी आणि संध्याकाळी घेतो. दुपारी कोणी घेत नाही. तक्त्यावर शनिवारी दोन दहाला एक नोंद आहे. ताप कोरा, नाडी कोरी, फक्त श्वास: अठरा. सोमवारी दोन दहा: सोळा. आठाची शेपटी खालच्या ओळीत गेलेली. तशी शेपटी या वॉर्डात एकच बाई काढते.

मला वाटलं, शिकाऊ पोरींनी चेष्टा केली. सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि असं झाडलं की एक जण रडायलाच लागली. कुणी कबूल झालं नाही. कबूल करायला काही नव्हतंच बहुतेक.

तर विश्रांतीच्या वेळेत मी कुठे असते ते सांगते. चादरींच्या खोलीत. स्टाफ कमी आहे, रात्रपाळी करून पुढची सकाळही ओढते, दुपारी पाय उभे राहत नाहीत. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर अर्धा-पाऊण तास डोळा लागतो. वॉर्डात मावशी असते. मेट्रनला हे माहीत नाही, कळलं तर माझी नोकरी जाईल.

रविवारी ती बाई आली नाही. रविवारी माझी सुट्टी असते. हे मी दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवलंय. तिसरा कोरा आहे.

ताई

१४ तारीख, शुक्रवार

बबडे,

काल मी मावशीला कामाला लावलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डची आया. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, भुताखेतांवर विश्वास नाही, माणसांवर तर मुळीच नाही. तिला म्हटलं, सात नंबरची खाट रिकामी आहे, तिच्या पडद्यामागे बस. दोन वाजल्यापासून डोळ्यांत तेल घालून बघ कोण येतं. आणि मी नेहमीसारखी चादरींच्या खोलीत गेले. खरं तर जागंच राहायचं ठरवलं होतं. पाठ टेकल्याचं तेवढं आठवतंय.

पावणेतीनला उठले. माझे बूट कपाटाखाली जोडीने नीट लावून ठेवलेले होते. मी बूट कधी नीट ठेवत नाही, लाथेने भिरकावते, तुला माहीत आहे. बाहेर आले तर मावशी कोरडी फरशी पुसत होती. वर बघेना.

“मावशी, आली का ती?”

“आली.”

“कोण होती?”

“सिस्टर, तुम्ही घरी जा. चार दिवस रजा टाका.”

“कोण होती विचारते मी!”

“ओरडू नका. बायका उठतील.” तिने फडकं बादलीत टाकलं. “तुम्हीच होता. अनवाणी आलात. स्टुलावर बसलात, तर स्टूल वाजलंसुद्धा नाही. एरवी तुम्ही बसलात की कुरकुरतं मेलं. मी हाक मारली, सिस्टर, ओ सिस्टर. तीनदा मारली. खांदा हलवला. ओ नाही की चूं नाही. डोळे उघडे, पण पुसलेल्या पाटीसारखे कोरे. खरं सांगू? तोंड तुमचं होतं, पण तुम्ही नव्हता.”

“मग?”

“मग सहा नंबरच्या बाई मला म्हणाल्या, बोलू नका. मध्येच तोडलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.”

आणि मी हसले गं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी जिला शोधत होते, पोरींना रडवत होते, ती माझेच बूट काढून ठेवून माझ्याच पायांनी फिरत होती. हसता हसता मी त्या ओल्या होत चाललेल्या फरशीवरच बसले. मावशीने मला उठवलं नाही. ती माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहिली. वीस वर्षं एका डब्यातून जेवलोय आम्ही, आणि ती मला भीत होती.

संध्याकाळी टायपिस्टबाईंजवळ गेले. त्याच म्हणाल्या, “सापडली का?”

“सापडली.”

“वाटलंच. वाईट नाही हो ती. फक्त फार घाबरलेली असते. माझा श्वास जरा लांबला की तिच्या हाताला घाम फुटतो.”

तुला मी बावीस वर्षांपूर्वी हे एकदाही विचारलं नाही. ती कशी होती, काय करायची, तिला बघून तुला काय वाटायचं. मी विचारलं होतं ते फक्त, किती दिवसांपासून दिसते.

ताई

१७ तारीख, सोमवार

बबडे,

मी खोटं बोलले होते. वाळवीने काही खाल्लेलं नाही. तू दवाखान्यातून बाहेर पडलीस आणि घरी न येता निघून गेलीस, त्याच आठवड्यात मी तुझे कागद रेकॉर्डमधून काढून घरी आणले. माझ्या कपाटात, गरम कपड्यांच्या खाली आहेत. का आणले, ते तेव्हा स्वतःला सांगितलं की बहिणीची अब्रू आहे, कुणाच्या हाती लागू नये. आपलं ठेवायचं झाकून. समितीकडे गेलं ते फक्त रजिस्टरमधलं निदान, एक ओळ. पूर्ण नोंद माझ्याकडे आहे.

काल ती काढून वाचली. तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, रात्रपाळी करून यायचे आणि दुपारी झोपायचे. तू परीक्षेसाठी घरी होतीस. नोंदीत तुझं म्हणणं आहे: ‘काल मी तिला स्टीलचा पेला फेकून मारला. कपाळाला लागला. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत.’ आणि त्यापुढे माझ्या अक्षरात: दिसणाऱ्या आकृतीवर हल्ला केल्याचा दावा, आक्रमकता वाढते आहे, दाखल करणे आवश्यक.

बबडे, त्या संध्याकाळी माझ्या कपाळाला टेंगूळ होतं. डाव्या भुवईच्या वर. बाबांनी विचारलं, काय गं हे, मी म्हटलं, कपाटाचं दार लागलं. मला दार लागल्याचं आठवत नव्हतं. मी आरशासमोर उभी राहून टेंगळावर बर्फ धरला, आणि बर्फ वितळेपर्यंत मला सगळं कळत होतं. मग मी खोलीत गेले आणि तुझी बॅग भरली. तुला पाच महिने आत ठेवलं, तुझी परीक्षा गेली, वर्षं गेली, आणि टेंगूळ मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. हे मी माझ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

आणखी एक तुला माहीत नाही. आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तुला सांगितलं की बाबा तिच्याजवळ होते. नव्हते. ते औषध आणायला गेले होते. दुपार होती. मी पंधरा वर्षांची. डॉक्टरांनी मला शिकवलं होतं, मनगट धर, छातीकडे बघ, मोज, दर अर्ध्या तासाने वहीत लिही. मी तिच्या पायथ्याशी बसले होते आणि मला झोप लागली. उठले तेव्हा मोजायला काही नव्हतं. यातून काय निष्कर्ष काढायचा तो डॉक्टर काढतील. मी निष्कर्ष फार काढले, आता पुरे.

शनिवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. टेंगूळ सोडून. तरुण आहेत, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, “सिस्टर, हे झोपेत चालणं आहे. लहानपणापासून असेल, थकव्याने उसळलं. तुम्ही झोपा, औषध घ्या. सहा नंबरचा डोस मी हळूहळू उतरवतो, महिन्याभरात घरी सोडू. कागदावर काही नको.”

“माझी नोंद चुकीची आहे. ती खोडायला हवी.”

“एक खोडलीत तर चोवीस वर्षांच्या सगळ्या उघडतील. तुमच्या नोंदींवर किती बायका मागच्या इमारतीत आहेत, मोजलंत कधी? कशाला हात दाखवून अवलक्षण? तुमच्या बहिणीलाही बरी असल्याचा छानसा दाखला देऊ, माझ्या सहीने.”

त्यांचं म्हणणं साधं होतं. गुपचूप केलं तर माझी नोकरी राहते. टायपिस्टबाई महिनाभर गुंगीत राहून का होईना, घरी जातात. आणि तुझ्या समितीपुढे ‘आता बरी’ असा कागद जातो, म्हणजे पूर्वी वेडी होती हे कायम. त्यावर मुलगी तुला मिळेलही, नाहीही मिळणार.

मी लगेच नाही म्हटलं नाही. तू ओळखतेस मला, लपवण्यात काय अर्थ आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते. दोन दिवस मी विचार करते आहे आणि या दोन दिवसांत मी झोपलेले नाही, निदान तसं मला वाटतं.

ताई

२० तारीख, गुरुवार

बबडे,

सोबतचा कागद आधी वकीलबाईंना दे, मग हे वाच.

मंगळवारी मी मेट्रनकडे गेले. पेला, टेंगूळ, चादरींची खोली, सगळं सांगितलं. त्यांनी मूळ नोंद माझ्या हातून घेऊन दोनदा वाचली. मग म्हणाल्या, “तुम्ही शिकवलेल्या मुली सात दवाखान्यांत आहेत हो.” आणि डोळ्यांना रुमाल लावला. मला कामावरून थांबवलं आहे. चौकशी बसेल. मागच्या इमारतीतल्या अकरा बायकांच्या फाइली माझ्या नोंदींमुळे पुन्हा उघडताहेत. त्यांतल्या किती जणींनी मला खरंच पाहिलं होतं, कुणास ठाऊक.

टायपिस्टबाई काल घरी गेल्या. जायच्या आधी ऑफिसातलं मशीन मागितलं. हात अजून कापत होते, तरी मी सांगत गेले आणि त्यांनी टाइप केलं. एकही चूक नाही. एका जागी मी थांबले, तर म्हणाल्या, “साक्षीदाराने थांबायचं नाही.” वाच:

‘बावीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला मी स्वतः दाखल केलं व तिच्याविषयीची नोंद मी लिहिली. नोंदीत मी तिच्या पाहण्याला भास म्हटलं. ते चूक आहे. तिने जी व्यक्ती पाहिली ती खोलीत होती. तिने मारलेला पेला त्या व्यक्तीच्या कपाळाला लागला. त्याची खूण मी त्याच संध्याकाळी आरशात पाहिली व नोंदवली नाही. ती व्यक्ती मी होते. माझ्या बहिणीला कोणताही आजार नव्हता.’

खाली माझी सही, मेट्रनची सही आणि साक्षीदार म्हणून मावशीचा अंगठा. मूळ नोंदही जोडली आहे.

चोवीसला सकाळी अकराला मी समितीपुढे येऊन हेच तोंडाने सांगेन. तू समोर बस किंवा बाहेर बस. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. मला माफ कर असं मी लिहिणार होते, चारदा लिहिलं आणि फाडलं. ते मागायचं तोंड मला नाही. तुझी मुलगी तुझ्याजवळ राहो, एवढंच मला हवं आहे. रात्री मी तुझ्या गावात मुक्काम करणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन. मावशी सोबत येते आहे. तिला सांगितलंय, मला गाडीत डुलकी लागू द्यायची नाही.

त्याचं कारण तुला सांगायलाच हवं. मला सध्या आमच्याच दवाखान्यात, पुढच्या बाजूच्या एका खोलीत झोपेच्या तपासणीसाठी ठेवलं आहे. काल दुपारी वॉचमनने मला फाटकापाशी अडवलं. मी बाहेरचे कपडे घातले होते, बॅग घेतली होती. कुठे निघालात विचारलं तर मी त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाही म्हणे. हाताला धरून परत आणलं. बॅगेत मनगटी घड्याळ होतं, पेन होतं आणि तुझ्या गावाचं तिकीट होतं. बॅग भरल्याचं मला आठवत नाही. तिकीट काढल्याचंही नाही. म्हणजे ती आधीही एकदा बाहेर जाऊन आली असणार. तिला तुझा पत्ता माहीत आहे, बबडे. घरात लहान मूल आहे हेही तिला माहीत आहे. मीच सांगितलं असणार.

डॉक्टर म्हणतात औषधाने थांबेल. थांबेल म्हणतात, थांबलं म्हणत नाहीत.

म्हणून मुलीला हे आत्ताच शिकवून ठेव, आणि तूही लक्षात ठेव. कुठल्याही दुपारी मी तुझ्या दारात उभी दिसले, तर आधी मला हाक मार. मोठ्याने मार. मी ओ दिली तरच दार उघड.

ताई